अंडं घातलेली वॉल स्ट्रीट

१७ जुलै १९३५. अमेरिकेतल्या 'व्हरायटी' या करमणूक-धंद्याच्या साप्ताहिकाचं पहिलं पान. मथळा अवघ्या चार शब्दांचा: 'स्टिक्स निक्स हिक पिक्स'.

स्टिक्स म्हणजे आडगावं. निक्स, नाकारणं. हिक, गावंढळ. आणि पिक्स म्हणजे पिक्चर. खेड्यातल्या प्रेक्षकांनी खेडवळांवरच्या सिनेमांकडे पाठ फिरवली, एवढीच बातमी. पण हे अमेरिकन माणसालाही फोड करून सांगावं लागायचं. १९४२ च्या 'यँकी डूडल डँडी' या चित्रपटात जेम्स कॅग्नी तरुण पोरांना नेमकं हेच समजावताना दिसतो.

साइम सिल्व्हरमन यांनी व्हरायटी सुरू केलं ते १९०५ मध्ये, न्यूयॉर्कला. वाचक कोण? व्होडव्हिलची, म्हणजे रंगमंचावरच्या विविध करमणुकीच्या खेळांची मंडळी. गाणारे, नाचणारे, जादूगार, नकलाकार. आज या गावात खेळ, उद्या त्या गावात. हे लोक विंगेत जसं बोलायचे, तसंच पेपर लिहायचा.

एखाद्याचा खेळ सपशेल पडला की ते म्हणत, 'यानं अंडं घातलं.' १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला. ३० तारखेच्या अंकात व्हरायटीनं छापलं: 'वॉल स्ट्रीटनं अंडं घातलं'. लोकांची आयुष्यभराची पुंजी बुडालेली, आणि मथळा पडलेल्या खेळाचा! क्रूर आहे, पण चपखल.

मथळ्याला जागा कमी, म्हणून शब्दही आखूड. दिग्दर्शक झाला 'हेल्मर', म्हणजे सुकाणू धरणारा. एजंट 'टेनपर्सेंटर', कारण त्याची दलाली दहा टक्के. काउबॉयचा सिनेमा 'ओटर', कारण त्यातले घोडे ओट खातात. डिस्ने म्हणजे 'माउस हाउस', उंदराचं घर. गल्ला तुफान जमला की 'बॉफो'. हे शब्द आपल्याकडे फारसे आले नाहीत. 'बायोपिक' मात्र मराठी पेपरांत रोज दिसतो. त्यातला 'पिक' म्हणजे त्या मथळ्यातल्या पिक्सचंच एकवचन.

या बोलीतला माझ्या मते सगळ्यात बेरकी शब्द आहे 'अँकल'. मूळ अर्थ पायाचा घोटा. व्हरायटीत मात्र ते क्रियापद. अमुक साहेबांनी स्टुडिओ 'अँकल' केला, म्हणजे ते तिथून चालते झाले. राजीनामा दिला की नारळ मिळाला, याचा पत्ता शब्द लागू देत नाही. छापणाऱ्याला ते सोयीचं, आणि जाणाऱ्यालाही.