उन्हाळ्यातील सकाळ : नाल्याकाठचे पक्षी आणि फुलपाखरे

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात गेला, की आपल्यापैकी अनेकांच्या दुर्बिणी कपाटात जातात आणि हिवाळी बदके तलावांवर उतरेपर्यंत बाहेर येत नाहीत. माझे मात्र आग्रहाचे सांगणे आहे, की पक्षी आणि फुलपाखरे एकमेकांशी कशी बांधलेली आहेत, हे याच दिवसांत सर्वांत चांगले दिसते; कारण पाणी आटत आटत नाल्यातील एखाद्या ओल्या पट्ट्यापुरते उरलेले असते आणि तहानलेल्या प्रत्येक जिवाला तेथे यावेच लागते. काटोल किंवा कळमेश्वरकडच्या शिवारात असा पट्टा हेरून ठेवावा, शेतमालकाला विचारून घ्यावे आणि सकाळभर तेथेच आडोशाला बसावे. उन्हाळ्यात हिंडत राहणाऱ्याला फार थोडे दिसते.

सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, त्याआधी पोहोचलेले बरे. पहिले दोन-अडीच तास पक्ष्यांचे असतात. आमराईतून हळद्याची शीळ येते, दूरवर पावशा आपला सूर चढवत नेतो. नाल्याच्या उभ्या दरडीतील बिळांपाशी वेडे राघू चोचीत चतुर किंवा माशी धरून ये-जा करीत असतात, कारण हा त्यांच्या विणीचा काळ आहे. टिटवीवर तर अवश्य लक्ष ठेवावे. तिची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये असतात. ऊन तापू लागले, की ती पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवते आणि त्या ओल्या पिसांनी अंड्यांना गारवा देते. तिने आरडाओरड सुरू केली, तर आपण घरट्याच्या फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे. ती अंड्यांपासून दूर राहते, तेवढ्या वेळात अंडी उन्हात भाजतात.

पक्ष्यांचे आवाज मंदावू लागतात, तेव्हा फुलपाखरांची वेळ येते. कोवळ्या उन्हात पंख तापवून घेतल्यावर ती ओल्या मातीवर उतरतात आणि सोंड रोवून क्षारयुक्त ओल शोषू लागतात. याला चिखलपान म्हणतात. ओलीवर बसणारे बहुधा नर असतात, आणि त्यांनी मिळवलेल्या क्षारांचा काही भाग मीलनाच्या वेळी मादीला मिळतो. या बैठकीत लिंबाळी हमखास भेटते, आणि आपल्या भागात तिचे माहेर दूर नसते. लिंबूवर्गीय झाडांच्या कोवळ्या पानांवर तिची मादी एकेक अंडे घालते. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून ताणावर सोडलेल्या बागेत या दिवसांत नवी पालवी नसते, म्हणून ओलीत (पाणी देणे) चालू असलेली आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, बाग पाहावी. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि त्यामुळे चोचींपासून वाचते. रोपवाटिकेतील कलमांचे ती नुकसान करते, हे खरे; तेथे बागायतदाराने ती वेचणे समजण्यासारखे आहे.

पक्ष्यांच्या नजरेने फुलपाखरांना कसे घडवले आहे, याचा याहून सुंदर दाखला धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, रुईपाशी सापडतो. बिबळ्या कडवा या नारिंगी फुलपाखराची अळी रुईची विषारी पाने खाते, ते विष तिच्या शरीरात टिकते आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. छोटा चांदवा या वेगळ्या जातीच्या मादीने नेमके तेच रूप घेतले आहे. ती स्वतः विषारी नसूनही वाचते.

आंब्यावरच्या बांडगुळाकडेही पाहावे. त्याची चिकट फळे फुलटोच्या हा चिमुकला पक्षी गिळतो आणि बी दुसऱ्या फांदीवर चिकटवून जातो. त्याच बांडगुळाच्या पानांवर हळदीकुंकू या देखण्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. पक्ष्याने लावावे आणि अळीने खावे, असा हा व्यवहार आहे. बागेतील बांडगूळ शेतकऱ्याने काढणे योग्यच, परंतु धुऱ्यावरच्या जुन्या झाडावरचे थोडे राहू द्यावे आणि तणनाशक रुईपर्यंत नेऊ नये, अशी माझी शेतकरी बांधवांना कळकळीची विनंती आहे.

नऊ-साडेनऊनंतर थांबू नये. सोबत पाणी आणि डोक्याला दुपट्टा असू द्यावा. मे महिन्याच्या अखेरीस दक्षिणेकडून येणारा नवरंग पक्षी झुडपी जंगलाच्या कडेला दोन स्वरांची स्वच्छ शीळ घालू लागतो. त्याला पुढे आणण्यासाठी मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवू नये, कारण तो विणीसाठी आलेला असतो आणि अशा वेळी खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे त्याची शक्ती वाया जाते. मृगाच्या सरी कोसळल्या, की पाणी सर्वत्र होते आणि नाल्यावरची ही गर्दी शिवारभर पांगते. तेव्हा जायचे असेल, तर त्याआधीच्या एखाद्या सकाळी जावे.