यंत्राआधी कचरा तोलावा

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या शहराचा कचरा नेमका कशाचा बनला आहे, हे ठरवण्याची एक जुनी, साधी आणि नाकाला फारशी न मानवणारी पद्धत आहे. गाडीभर कचरा ताडपत्रीवर ओततात, फावड्याने सारखा करतात, ढिगाचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन ठेवून उरलेले दोन बाजूला सारतात आणि हाताळण्याजोगा नमुना उरेपर्यंत हेच पुन्हा करत राहतात. मग हातमोजे घातलेली माणसे तो नमुना निवडायला बसतात. साली-देठे एका टोपलीत, कागद दुसरीत, प्लॅस्टिक तिसरीत टाकून प्रत्येक टोपलीचे वजन घेतले जाते. पावसाळ्यात एकदा आणि कोरड्या दिवसांत एकदा, अशी ही मोजणी दोनदा करावी लागते, कारण पावसाने कचऱ्याचे वजन आणि स्वभाव दोन्ही बदलतात. विकसनशील देशांतील कचरा व्यवस्थापनासाठी होणाऱ्या आंतरराष्ट्रीय सहकार्याविषयी बोलताना मी या ताडपत्रीपासून सुरुवात करतो आहे, कारण कितीतरी महागडे प्रकल्प याच पायरीवर घसरलेले आहेत.

जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालाने २०१६ सालचा जगातील शहरी घनकचरा सुमारे २०१ कोटी टन धरला होता आणि २०५० पर्यंत तो ३४० कोटी टनांवर जाईल, असा अंदाज दिला होता. हे आकडे भाषणांतून वारंवार ऐकू येतात. माझ्या मते त्याच अहवालातील दुसरी नोंद अधिक कामाची आहे. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत निम्म्याहून अधिक कचरा अन्नाचा आणि पालापाचोळ्याचा, म्हणजे ओला असतो. श्रीमंत देशांत हा वाटा साधारण एक तृतीयांश भरतो. कोरड्या, कागद-प्लॅस्टिकने भरलेल्या कचऱ्यासाठी घडवलेले यंत्र ओल्या कचऱ्यापुढे हात टेकते, हे यातून उघड व्हावे. तरीही ते अनुभवाने शिकावे लागले. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर रोज ३०० टन कचरा जाळून वीज काढणारी भट्टी उभारण्यात आली. तिला किलोमागे १,४०० हून अधिक किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा हवा होता, आणि प्रत्यक्षात हाती आलेला कचरा ६०० ते ७०० किलोकॅलरींचा निघाला. आग धरावी म्हणून डिझेल ओतावे लागले. कशीबशी तीन आठवडे चाललेली ती भट्टी पुढे बंदच राहिली. यात कोणाची लबाडी होती असे नव्हे. भट्टी चांगली होती आणि कचराही जसा असायचा तसाच होता, फक्त दोघांची गाठ कागदावर नीट घालून पाहिली गेली नव्हती.

ओला कचरा नुसता साचू दिला, तर तो दुसऱ्या प्रकारे सूड उगवतो. ११ मार्च २०१७ च्या रात्री इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथील कोशे कचराभूमीचा कडा कोसळला आणि पायथ्याशी राहणारी शंभराहून अधिक माणसे गाडली गेली. पुढच्याच महिन्यात कोलंबोजवळच्या मीथोटामुल्ला येथे असाच डोंगर खचून ३२ जण मेले. ढिगात पाणी मुरत जाते, आत हवा पोहोचत नाही, हवेवाचून कुजणाऱ्या पदार्थांतून मिथेन तयार होतो, आणि जड, लिबलिबीत झालेला उतार एके दिवशी सुटतो.

कोशेच्या दुरुस्तीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक कार्यक्रमाने आणि जपानने जे तंत्र नेले, ते फुकुओका विद्यापीठ आणि फुकुओका महानगरपालिका यांनी १९७० च्या दशकात विकसित केले होते. मला ते त्याच्या साधेपणासाठी आवडते. कचऱ्याच्या तळाशी दगडगोट्यांत बसवलेला, भोके पाडलेला एक जाड नळ टाकतात आणि त्याचे तोंड बाहेर उघडे ठेवतात. ढिगातले काळे पाणी त्यातून निथळून जाते. नळ मुद्दाम एवढा रुंद घेतात की पाणी वाहत असतानाही त्याचा वरचा भाग रिकामा राहावा. कुजणारा ढीग आतून तापलेला असतो, त्यामुळे गरम हवा उभ्या नळ्यांवाटे वर निसटते आणि तिच्या जागी बाहेरची गार हवा तळच्या नळातून आपोआप आत ओढली जाते. पंप लागत नाही, वीज लागत नाही. हवा मिळाल्याने कचरा लवकर कुजतो, मिथेन कमी होतो आणि पाण्याची घाणही उतरते. उभ्या नळ्यांसाठी पैसे नसतील तर बांबू किंवा जुनी पिंपेही चालतात. सामोआसारख्या छोट्या बेटावरही हे तंत्र रुजले, ते याच कारणाने.

शहराने शहराला केलेल्या मदतीचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण इंडोनेशियातील सुराबाया आणि जपानमधील किताक्युशू यांचे आहे. किताक्युशूचा दोकाई उपसागर साठच्या दशकात कारखान्यांच्या सांडपाण्याने ‘मृत समुद्र’ म्हणून ओळखला जात होता, तेव्हा उपदेश करणारे शहर स्वतः पोळलेले होते. तिथून आलेले तंत्रज्ञ कोजी ताकाकुरा यांनी २००४ पासून सुराबायात कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिचे विरजण स्थानिक आंबवलेल्या पदार्थांतील सूक्ष्मजीवांचे होते आणि भांडे म्हणजे कपडे धुवायला टाकतात तसली जाळीची टोपली. आतून पुठ्ठ्याचे अस्तर, तळाशी आणि वर भाताच्या तुसाच्या उशा, आणि झाकणाखाली कापड. महापालिकेने अशा हजारो टोपल्या वाटल्या, वस्त्यांतील बायकांनी एकमेकींना त्या वापरायला शिकवल्या, आणि काही वर्षांत शहराचा कचरा २० टक्क्यांहून अधिक घटला. ओला कचरा कचराभूमीवर पोहोचलाच नाही, एवढेच त्याचे रहस्य.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१५ च्या आढाव्यानुसार विकासासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीतील जेमतेम ०.३ टक्के रक्कम घनकचऱ्याच्या वाट्याला येत होती. शिवाय मदत येते ती बहुधा गाड्या आणि यंत्रे विकत घेण्यासाठी. इंधन, सुटे भाग आणि चालकाचा पगार मात्र त्या नगरपालिकेच्याच माथी राहतो. गरीब देशांतील शहरांच्या अंदाजपत्रकाचा सुमारे पाचवा भाग कचऱ्यावरच जातो, हे लक्षात घेतले म्हणजे नव्याकोऱ्या गाड्या दोन-चार वर्षांत आवारात गंजत का उभ्या राहतात, ते कळते.

सहकार्याचा दुसरा अर्थ म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात न टाकणे. १९८६ साली फिलाडेल्फिया शहरातील भट्ट्यांची राख घेऊन ‘खियान सी’ नावाचे जहाज निघाले, आणि बंदरामागून बंदराने नकार दिल्यावर त्यातील हजारो टन राख १९८८ मध्ये हैतीच्या किनाऱ्यावर खत म्हणून उतरवण्यात आली. अशाच प्रकरणांतून १९८९ चा बाझल करार जन्मला आणि १९९२ पासून लागू झाला. घातक कचरा पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाची लेखी संमती हवी, हे त्याचे सूत्र आहे. २०२१ पासून मिसळलेले, अस्वच्छ प्लॅस्टिक आणि २०२५ पासून सर्व प्रकारचा इलेक्ट्रॉनिक कचरा या सूत्राखाली आला. अमेरिकेने करारावर सही केली, पण त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. प्लॅस्टिकसाठी स्वतंत्र करार व्हावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात भरलेली वाटाघाटींची फेरीही निर्णयाविना संपली.

आता पुन्हा त्या ताडपत्रीकडे येतो. घराच्या दारातून घेतलेला नमुना आणि कचराभूमीवर घेतलेला नमुना कधीच जुळत नाहीत. दुसऱ्यात बाटल्या, पुठ्ठा आणि धातू हमखास कमी भरतात. मधल्या वाटेवर कचरावेचकांनी ते उचललेले असतात. जगात अशी दीड ते दोन कोटी माणसे असावीत, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज आहे. परदेशी निधीतून कचराभूमीला कुंपण घातले जाते, फाटकावर पहारेकरी बसतो, आणि दोन नमुन्यांतील हा फरक ज्यांच्या श्रमाने पडतो, त्यांनाच आत यायला मनाई होते. प्रकल्पाच्या अहवालात मात्र तो फरक ‘नमुना घेण्यातील त्रुटी’ म्हणून नोंदला गेलेला मी एकाहून अधिक वेळा वाचला आहे.