हजेरीचं रजिस्टर

मागच्या तायांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. विषय ‘बचत गट आणि आरोग्य’ असा छापलाय. त्यावर येतेच, आधी हे रजिस्टर बघा. २०२० सालचं, आमच्या गटाचं हजेरीचं.

२५ मार्चला टाळेबंदी लागली आणि लगोलग मास्कचं काम आलं. सुती कापड, तीन पदर. शिलाई यंत्रं होती, इलॅस्टिक कुठून आणायचं? दुकानंच बंद. मग परकराला घालतो तशा नाड्या शिवल्या, एका मास्कला चार. हसताय, पण धुऊन धुऊन कापड विरलं तरी नाड्या शाबूत होत्या! त्या मास्कचे पैसे हातात पडले पुढच्या वर्षीच्या पोळ्याला. कापड आम्ही गटातून कर्ज काढून घेतलेलं, दर महिन्याला व्याज भरत होतो. कार्यालयात गेलं की ‘ताई, फाईल वर गेलीय.’ रात्रभर यंत्र चालवणाऱ्या बाईच्या कष्टाची ही किंमत? मी हे प्रत्येक सभेत बोलते, पुढेही बोलणार.

पण मास्क कुणीही शिवले असते. हे रजिस्टर फक्त आमच्याकडे होतं.

बैठक आम्ही मोडली नाही. देवळापुढे लांब लांब बसायचो. एका मंगळवारी एकीची बचत आली, ती नाही आली. पैसे लेकीकडे दिलेले. पुढच्या मंगळवारीही तेच. सचिवताईंनी दुसऱ्यांदा ‘गै.’ लिहिलं आणि पेन तसंच धरून बसल्या. म्हणाल्या, ‘हिनं बाळंतपणातसुद्धा लागोपाठ दोन बैठका चुकवल्या नव्हत्या.’ उठलो. दार आतून लावलेलं. भावकीत बोभाटा नको म्हणून बाई उशीत तोंड खुपसून खोकत होती. आशाताईंनी ऑक्सिमीटर लावला, आकडाच धड येईना. बोटांना नेलपॉलिश! आई नुसती पडून असते म्हणून लेकीनं लावून दिलेलं. ब्लेडनं खरवडलं, तेव्हा दिसलं: ८७. ९४ च्या खाली गेलं की वाट बघायची नाही, हे तोवर सगळ्यांना पाठ होतं. गाडीवाल्यानं तीन हजार सांगितले. ते गटातून द्यायचा ठराव उंबऱ्यावरच लिहिला. आठ सह्या, एक अंगठा. अठरा दिवसांनी बाई घरी आली.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. भरभर सांगते. गटाच्या दहा नियमांत, म्हणजे दशसूत्रीत, आरोग्य आहेच, पण बैठकीत त्याची पाळी सगळ्यात शेवटी, जायची घाई असताना. ते हजेरीला जोडून घ्या: कोण आलं नाही, का आलं नाही. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’त सप्टेंबर २०२० पासून पथकं घरोघरी फिरली, ताप आणि ऑक्सिजन मोजला. चांगलं काम झालं, पण मोहीम संपते, मंगळवार दर आठवड्याला येतो. दुसरं, गाडीभाड्याचा ठराव ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघात, आजच करून ठेवा, माणूस आजारी पडल्यावर सह्या गोळा करत फिरू नका. तिसरं, मोबदला. आशाताईंना जून २०२१ मध्ये, साथ चालू असताना, राज्यभर संप करावा लागला. गटाच्या बाईकडून हेच काम फुकट करून घ्यायचं कुणाच्या मनात असेल, तर बैठकीत नाही म्हणा आणि ते नाही इतिवृत्तात लिहा.

रजिस्टर खाली पाठवते. शिवण सुटलीय, पानं जपून उलटा.