निळा रंग उडाला, पुढे काय?

अध्यक्ष महोदय, प्राध्यापक मंडळी आणि विद्यार्थी मित्रहो, 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते या सभागृहात कोणीही विसरलेले नाही. वापरलेले पाणी पुन्हा वापरण्याजोगे करणे ही आपल्याकडे गरज आहे, आणि ऊन तर मराठवाड्याला कधी कमी पडले नाही. म्हणून प्रकाशाने कार्यरत होऊन पाण्यातील प्रदूषके तोडणारे अर्धवाहक (सेमीकंडक्टर) हा विषय मी आपलाच मानतो.

मूळ कल्पना आपणांस ठाऊक आहे. 1972 साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले. भिंतींच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा पदार्थ. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो, मागे धन छिद्र उरते, आणि ही जोडी पुन्हा एकत्र येण्याआधी छिद्र पृष्ठभागावर पोचले तर पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे रेणूचा अतिशय क्रियाशील तुकडा, तयार होतो. हा मूलक बहुतेक सेंद्रिय रेणूंना तोडत कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत नेऊ शकतो. ‘नेऊ शकतो’ हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे.

एम.एस्सी.ला असताना मी मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगद्रव्याच्या द्रावणात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड टाकून चंचुपात्र गच्चीवर एप्रिलच्या उन्हात ठेवले. दुपारपर्यंत निळे पाणी जवळजवळ रंगहीन झाले आणि मी धावत सरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारले, “पूड न टाकलेले पात्र उन्हात ठेवले होतेस का? आणि पूड टाकलेले अंधारात?” दुसऱ्या दिवशी तिन्ही पात्रे मांडली, तेव्हा पूड नसलेल्या पात्रातला रंगही फिकटला, कारण हा रंग स्वतःच प्रकाश शोषून काही प्रमाणात विघटित होतो, अंधारातल्या पात्रातही तो कमी झाला, कारण काही रेणू पुडीच्या कणांना नुसते चिकटले होते. त्यानंतर सरांनी सीओडी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला लागणाऱ्या ऑक्सिजनचे प्रमाण, मोजायला लावला. रंग जवळजवळ गेला होता, पण सीओडी बराच शिल्लक होता. रेणूचा रंग देणारा भाग तुटला होता आणि उरलेले तुकडे पाण्यातच होते. हे तुकडे कधी मूळ रंगाहून घातक असू शकतात. तरीही आजही माझ्याकडे तपासणीसाठी येणारे अनेक प्रबंध रंग उडाल्याच्या आलेखावर थांबतात, ‘प्रदूषकाचा नाश’ असा निष्कर्ष काढतात, आणि याचे मला मनापासून दुःख होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत. नव्या पदार्थांविषयी बोलण्याचे मी कबूल केले होते, ते आता थोडक्यात सांगावे लागेल. अ‍ॅनाटेज रूपातील टायटॅनियम डायऑक्साइडचे ऊर्जा-अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात नेण्यास लागणारी किमान ऊर्जा, सुमारे 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणजे 387 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाशच त्याला चालतो, आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात तो जेमतेम 4-5 टक्के असतो. ग्रॅफाइटी कार्बन नायट्राइडचे अंतर 2.7, बिस्मथ व्हॅनेडेटचे 2.4, दोन्ही दृश्य प्रकाश शोषतात. मात्र कार्बन नायट्राइडमधील छिद्रांची ऑक्सिडीकरण क्षमता पाण्यापासून थेट हायड्रॉक्सिल मूलक बनवण्याइतकी नसते. दृश्य प्रकाश मिळवताना तोडण्याची ताकद काहीशी गमवावी लागते.

आणखी दोन गोष्टी. पूड पाण्यातून परत गोळा करणे अवघड असते, म्हणून ती काचेवर किंवा फरशीवर पक्की बसवावी लागते. तसे केल्यावर पाण्याशी संपर्क कमी होऊन वेग मंदावतो. दुसरे असे की, आपले प्रयोग डिस्टिल्ड पाण्यात होतात, पण आपल्या बेसॉल्टमधून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते, आणि ते हायड्रॉक्सिल मूलकांना प्रदूषकापर्यंत पोचण्याआधीच संपवते. पाण्यातील क्षार आणि फ्लोराइड यांवर तर या पद्धतीचा उपयोगच नाही, हेही गावात सांगताना लपवू नये. पुढच्या सत्रात ज्यांना हा प्रकल्प घ्यायचा आहे, त्यांनी घरच्या बोअरचे पाणी घेऊन यावे, आणि तिन्ही चंचुपात्रे मांडूनच सुरुवात करावी.