दवाखान्यामागचे घर

(इंदूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

आपण आज ज्या शहरात जमलो आहोत, त्या इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मिशनचे काम १८७७ साली सुरू झाले. डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ साली आणि डॉ. मॅरियन ऑलिव्हर त्यानंतर दोन वर्षांनी येथे आल्या, आणि १८९१ साली स्त्रियांसाठी रुग्णालय उघडले. मिशनच्या रुग्णालयांचा इतिहास बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. त्यामुळे मी त्या रुग्णालयांमागे जी घरे उभी होती त्यांच्याविषयीच बोलणार आहे. परदेशी जाऊन रुग्णसेवा करावी ही हाक कुटुंबातल्या एकालाच, फार तर दोघांना, ऐकू येत असे. तिची किंमत मात्र ज्यांना कधी कोणी विचारलेच नव्हते त्यांनाही मोजावी लागे. चरित्रकार या सगळ्याला ‘त्याग’ म्हणून मोकळे होतात. कोणी कोणाचा त्याग केला, हे मात्र ते सांगत नाहीत.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे नाव सर्वांना परिचित आहे. ते प्रवासी म्हणून गाजले, पण डॉक्टरकीचे शिक्षण घेऊन मिशनच्या कामासाठी आफ्रिकेत गेले होते. त्यांच्या पत्नी मेरी स्वतः आफ्रिकेतच एका मिशनरी घरात जन्मलेल्या. तो मुलूख आणि तिथली भाषा यांची त्यांची ओळख पतीपेक्षा जुनी होती. १८५२ साली लिव्हिंग्स्टन यांनी त्यांना आणि चार मुलांना केपटाउनहून ब्रिटनच्या जहाजात बसवले आणि आपण आत दूरवर निघून गेले. ज्या देशात मेरीबाईंचे स्वतःचे म्हणावे असे घर नव्हते, तेथे त्यांनी पुढची वर्षे ओढगस्तीत काढली. अखेर त्या पतीकडे परतल्या आणि १८६२ साली झांबेझी नदीकाठी शुपांगा येथे तापाने गेल्या. मुले तेव्हाही ब्रिटनमध्येच होती.

हे टोकाचे उदाहरण आहे, असे आपण म्हणाल. ते आहेच. परंतु नेहमीच्या मिशनरी घरातसुद्धा बायकोचे स्थान विचित्र असे. ती औषधे बांधून देई, रुग्ण स्त्रियांशी बोले, पाहुण्यांची उठबस करी, हिशेब ठेवी, आणि तरीही मिशनच्या दप्तरात तिची नोंद ‘अमुक यांच्या पत्नी’ एवढीच होई. अनेक मिशनांमध्ये अविवाहित बाई डॉक्टर पगारी असे, पण तिने मिशनरी पुरुषाशी लग्न केले की तिचे काम चालू राही आणि वेगळा पगार मात्र थांबे. धर्मकार्यातली ही काटकसर फारशी कोणाला खटकली नाही.

मुलांचा प्रश्न याहून अवघड होता. ताप, हगवण आणि कॉलरा यांची भीती खरी होती. डॉक्टर मिशनरी जॉन स्कडर आणि त्यांच्या पत्नी हॅरिएट १८१९ साली अमेरिकेहून निघाले, आणि त्यांची लहान मुलगी कलकत्त्यास पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत दगावली. जी मुले जगत, त्यांच्या शिक्षणासाठी मायदेश हाच पर्याय बहुतेकांना दिसे. पुढे मसुरी आणि कोडाईकनाल येथील शाळांमुळे काही कुटुंबांना मुले निदान याच देशात ठेवता येऊ लागली. मायदेशी पाठवणे म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलाला बोटीवर चढवून एखाद्या मावशीच्या किंवा आत्याच्या स्वाधीन करणे. पुढची भेट आईबापांच्या रजेवर अवलंबून असे, आणि ती रजा वर्षानुवर्षांनी येई.

पॉल ब्रँड यांचे उदाहरण मी जरा सावकाश सांगणार आहे. कुष्ठरोग्यांच्या वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा कामाचे हात देणारे हे शल्यचिकित्सक १९१४ साली तमिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरांत जन्मले. त्यांचे वडील जेसी आणि आई एव्हलिन डोंगरातल्या लोकांत औषधोपचार करीत. पॉल नऊ वर्षांचे झाले तेव्हा, १९२३ साली, त्यांना आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये नातेवाइकांकडे ठेवण्यात आले. वडिलांची पत्रे नियमाने येत; डोंगरातली झाडे, किडे, पक्षी यांची वर्णने त्यांत असत. १९२९ च्या जूनमध्ये वडील ब्लॅकवॉटर फीव्हरने, म्हणजे मलेरियातून उद्भवणाऱ्या एका घातक तापाने, वारल्याची तार आली. तार काही तासांत पोहोचते, पत्र मात्र बोटीने येते. म्हणून वडिलांच्या मृत्यूची बातमी कळल्यानंतरही त्यांच्या हातची पत्रे त्या घरी येत राहिली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने ती कशी वाचली असतील, हे मी माझ्या शब्दांत सांगण्याचे धाडस करणार नाही. एव्हलिनबाई पुढे पुन्हा त्याच डोंगरांत परतल्या आणि म्हातारपणीही तेथेच काम करीत राहिल्या. मुलाने आईविषयी नेहमी आदरानेच लिहिले आहे. परंतु आदर असला म्हणून सहा वर्षांची ताटातूट हिशेबातून पुसली जात नाही.

अशी मुले मोठी होऊन पुन्हा त्याच कामाकडे का वळली, हा प्रश्न मला फार वर्षे पडला आहे. स्कडर घराण्याची तर पिढ्यान् पिढ्यांची परंपरा झाली. माझा अंदाज असा की या मुलांना ‘परत जाणे’ म्हणजे भारतात जाणेच वाटे. परके होते ते आजोळ. परंतु जॉन स्कडर यांची नात आयडा यांची गोष्ट वेगळी आहे. एका रात्री तीन बायका बाळंतपणात दगावल्या, कारण घरच्या लोकांना पुरुष डॉक्टर चालत नव्हता. ती रात्र पाहून त्या डॉक्टर झाल्या आणि वेल्लोरच्या रुग्णालयाचे मोठे काम उभे राहिले, हे सर्वत्र सांगितले जाते. त्याआधीचा भाग कमी सांगितला जातो. आईवडील भारतात परतले तेव्हा किशोरवयीन आयडा अमेरिकेतच मागे राहिल्या, आणि आपण मिशनरी कधीही होणार नाही असा त्यांचा निश्चय झाला होता. मला तो निश्चयही तितकाच समजून घेण्याजोगा वाटतो.

आफ्रिकेत रुग्णसेवा करणारे डॉक्टर अल्बर्ट श्वाइत्झर यांच्या कन्या रेना यांचा जन्म १९१९ चा. आई हेलेन प्रशिक्षित परिचारिका. आफ्रिकेत, आजच्या गॅबन देशातल्या लांबारेने येथील रुग्णालय १९१३ साली दोघांनी मिळून सुरू केले होते. पण हेलेन यांची प्रकृती खालावली आणि १९२४ साली श्वाइत्झर परत गेले ते एकटेच, मुलगी आईपाशी युरोपात वाढली. रेना स्वतः प्रौढ वयात प्रयोगशाळेचे काम शिकून वडिलांच्या रुग्णालयात गेल्या आणि १९६५ साली ते वारल्यावर तिथला कारभार त्यांनी पाहिला. जगाने त्यांच्या वडिलांना नोबेल पारितोषिक दिले होते. मुलीला वडील मिळाले ते असे, कामाच्या जागी आणि फार उशिरा.

आता एक गोष्ट, जी या विषयावरच्या पुस्तकांत क्वचितच येते. मिशन बंगल्यात मुले सांभाळायला आया असे. परदेशी मुलाला अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या या बाईची स्वतःची मुले बहुधा सासूकडे किंवा थोरल्या मुलीकडे टाकलेली असत. मिशनरी आईने मुलाला बोटीवर चढवताना काढलेले उद्गार पत्रांतून उरले आहेत. आयेने पत्रे लिहिली नाहीत. इंदुरातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत अजूनही अशा पणज्यांच्या आठवणी कोणी सांगू शकत असेल, तर त्या आत्ताच लिहून घ्यायला हव्यात. हे काम कॅनडातल्या अभ्यासकाकडून होणार नाही. ते येथल्या माणसांनी, आपल्या शेजारी जाऊन बसूनच केले पाहिजे.