मशेरीची डबी

मंडळानं विषय दिलाय, 15 ते 49 वयातल्या बायकांच्या आरोग्याच्या सवयी. आहार, झोप, व्यायाम, गोळ्या, सगळं येईल. पण निपाणीत उभं राहून पालकाच्या भाजीपासून सुरुवात करायची म्हणजे गावाशी बेइमानी. 1981 साली तंबाखूच्या दरासाठी हमरस्ता अडवून बसलेलं हे गाव. इथं आधी मशेरी.

हसू नका. डबी कुणाच्या कनवटीला आहे ते विचारत नाही; सुनेच्या शेजारी सासूबाई बसल्यात, आणि डबी बहुतेक दोघींत एकच असते.

मशेरी म्हणजे दात घासायची पूड, हा समज आधी सोडा. तंबाखू तव्यावर काळा होईतो भाजायचा, हातानं चुरायचा, झाली मशेरी. भाजल्यानं निकोटिन जात नाही. भाजताना घरभर खकाणा उठतो, तो पाळण्यातलं पोरही ओढतं. टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे. पण आपल्या चुलीवर कोण धाड घालणार?

दात घासायला दोन मिनिटं लागतात. मशेरी लावून बाई अर्धा तास उंबऱ्यावर बसते आणि दिवसातून पाच-सहादा बसते. निकोटिन हिरडीतून रक्तात उतरतं, भूक मारतं. मग दोन भाकरींची एक होते. पोटुशी बाई असेल तर वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात, मूल कमी वजनाचं होतं. वर आपणच म्हणायचं, ‘बाळंतपण सोपं झालं, पोर बारीक होतं.’

सोडायची कशी? आधी दोन दिवस नुसतं मोजा, कितीदा लावता. मग जेवणानंतरची बंद करा, पुढच्या आठवड्यात झोपतानाची. पहाटेची सगळ्यात चिवट, ती शेवटी. पण तारीख ठरवून. दिवस गेले असतील तर टप्पे नकोत, आजच बंद. पहिले तीन-चार दिवस डोकं धरतं, चिडचिड होते आणि ‘मशेरीशिवाय परसाकडला होत नाही’ म्हणून बाई पुन्हा डबी उघडते. गाडी अडते ती इथंच. उठल्या उठल्या दोन पेले कोमट पाणी, जेवणात अंबाडी नाहीतर मेथी, दुपारी पेरू. आठ-पंधरा दिवसांत पोट रुळावर येतं. आणि घाणा घालू नका हो! महिन्याची मशेरी भाजून ठेवलेल्या घरात सुटत नाही. 1800-112-356 हा सरकारचा फुकट नंबर आहे, तंबाखू सोडणाऱ्यांसाठीच.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. बाकीचं पळतच सांगते.

रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, 12 ग्रॅमच्या खाली म्हणजे कमी, गरोदरपणी 11 च्या खाली. लोहाची लाल गोळी एरवी आठवड्याला एक. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज, 180 दिवस, बाळंतपणानंतर आणखी 180. शी काळी होते, घाबरू नका. मळमळलं तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, दोन तास अंतर ठेवा. मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिड 400 मायक्रोग्रॅम रोज, महिनाभर आधीपासून. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मिटते, तोवर पुष्कळदा दिवस गेल्याचंही ध्यानात येत नाही. चालणं आठवड्याला 150 मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल असं. विड्या वळायला मांडी घालून बसणं यात मोजू नका. झोप सात तास, ती कुणी देत नाही, मागावी लागते.

चहा आला वाटतं. लाल गोळी आत्ताच घेतलेल्यांनी तासभर कपाला हात लावू नका, चहा लोह अडवतो. बाकीच्यांनी घ्या, साखर बेतानं.