परमिट कुणाच्या नावावर?

(दृश्य: पहाटेचा पाऊस. जांभ्याची चढण. खांद्यावर दोराचं वेटोळं घेतलेली तरुणी, मागे दोन सहकारी.)

मंडणगड तालुका, जुलै महिना. रात्रभर वारा होता. पहाटे आंब्याची फांदी अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या तारांवर आली आणि चार वाड्यांची लाइट गेली. साडेसहापासून फोन वाजतोय. विचारणं सगळ्यांचं एकच, लाइट कधी येणार?

तो फोन उचलणारीच आता खांबाकडे निघाली आहे.

ती मूळची हिंगोलीकडची. आयटीआयला तारतंत्रीचा ट्रेड केला, विद्युत सहाय्यक म्हणून निवड झाली आणि नेमणूक मिळाली थेट कोकणात. वाडीत तिला कुणी ताई म्हणतं, कुणी वायरमन बाई. महावितरणच्या भाषेत ती जनमित्र.

(दृश्य: शाखा कार्यालय. भिंतीवर हेल्मेट, रबरी हातमोजे, सेफ्टी बेल्ट, डिस्चार्ज रॉड.)

विद्युत मंडळाच्या काळापासून या कामाला लाइनमन म्हणत आले. २००५ साली मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झाली. आज कागदावर या पदाचं नाव तंत्रज्ञ आहे. पुढे वरिष्ठ तंत्रज्ञ, मग प्रधान तंत्रज्ञ. या नावात बाई की बुवा असं काही नाही आणि आम्हाला हा बदल फार मोलाचा वाटतो. देशभर ४ मार्चला साजरा होतो तो मात्र अजून लाइनमन दिवसच.

भरतीत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. पण दारातून आत आल्यावर आधी तीन वर्षं कंत्राटी. २०२३च्या अखेरीस विद्युत सहाय्यकांच्या ५,३४७ जागांची जाहिरात निघाली, त्यात मानधन होतं पहिल्या वर्षी १५ हजार, दुसऱ्या वर्षी १६, तिसऱ्या वर्षी १७. ही तीन वर्षं नीट पार पडली की तंत्रज्ञ.

तिची पार पडली.

(दृश्य: खांबाखाली तिघं. ती मोबाइलवर बोलते आहे. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर.)

आता नीट पाहा. अजून कुणीही खांबाला हात लावलेला नाही.

पलीकडे उपकेंद्रात यंत्रचालक आहे. ती त्याला फीडरचं, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या या लाइनचं नाव सांगते, कामाची जागा सांगते, स्वतःचं नाव सांगते. तो ब्रेकर बंद करून वीज तोडतो, आयसोलेटर हा वेगळा स्विच उघडून लाइन सुटी करतो, तिकडचं अर्थिंग करतो म्हणजे तारा जमिनीला जोडतो, नोंदवहीत वेळ लिहितो आणि मग परमिट देतो. परमिट म्हणजे या लाइनवर काम करायची परवानगी. ती निघते एकाच माणसाच्या नावावर आणि परत करायची तीही त्याच माणसाने. दुसऱ्या कुणी फोन करून ‘चालू करा’ म्हटलं, तरी यंत्रचालकाने ऐकायचं नाही.

आजचं परमिट तिच्या नावावर आहे.

(दृश्य: एबी स्विचचा दांडा खाली ओढला जातो. कॅमेरा वर, तीन ब्लेडवर.)

एबी स्विच, म्हणजे तिन्ही तारा एकदम तोडणारा खांबावरचा स्विच, उघडला. ती मान वर करून मोजते: एक, दोन, तीन. एखादं ब्लेड अडकून राहिलं तर दोन तारा मेलेल्या आणि तिसरी जिवंत, असं होऊ शकतं. म्हणून दांडा ओढला एवढ्यावर समाधान मानायचं नाही, डोळ्यांनी पाहायचं.

आता डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारा जमिनीला जोडायचा दांडा. लावताना आधी जमीन, मग तार. काढताना आधी तार, मग जमीन. हा क्रम प्रशिक्षणात इतक्या वेळा घोटून घेतात, की झोपेतून उठवून विचारलं तरी चुकू नये. लाइन बंद केली तरी कुठल्या तरी दुकानातला जनरेटर चेंजओव्हरशिवाय, म्हणजे बाहेरची लाइन तोडणाऱ्या स्विचशिवाय जोडलेला असला, तर वीज उलटी येते. डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून चढून ती पुन्हा अकरा हजार व्होल्ट होते. कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं ते यासाठी.

(दृश्य: ती चढते. निवेदन थांबते. फक्त पावसाचा आवाज.)

(दृश्य: खांबावर ती, खाली दोर धरून उभे असलेले ज्येष्ठ सहकारी.)

खाली उभे आहेत त्या काकांची नोकरी हिच्या वयाएवढी. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा याच भागात आडवे झालेले खांब त्यांनी उभे केले. मुलगी लाइनवर येणार म्हटल्यावर आधी ते गप्प बसले होते. आज तिच्या परमिटवर काम करतात. ‘ताई, कमरेचा पट्टा बघ,’ एवढंच ओरडून सांगतात.

बायकांना खांबावर चढता येतं का, हे विचारत बसण्याची वेळ कधीच गेली. चढतानाचे फोटो सगळेच काढतात, आम्हीही काढलेच. पण लाइन कधी बंद करायची आणि कधी चालू करायची, हा शब्द तिचा चालतो. बरोबरी आम्ही इथे पाहिली.

(दृश्य: आंब्याखाली उतरलेली अवजारं. एका घराच्या पडवीत चहा.)

लाइनवर स्वच्छतागृह नसतं, ती पाणी मोजून पिते. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा, अंतर्गत तक्रार समिती, कंत्राटी कामगाराला अपघातानंतर मिळणारी भरपाई, हे हक्क कायद्यात आहेत. या पडवीपर्यंत येताना त्यांना उशीर होतो आणि ठेकेदाराकडच्या मुलांना तर फारच उशीर होतो.

(दृश्य: ती अवजारं मोजते, मग माणसं.)

पक्कड, पाना, दोर, दोन्ही अर्थिंगचे संच. मग माणसं: एक, दोन आणि ती स्वतः. सगळे खाली. एबी स्विच पुन्हा जोडला. ती फोन लावते. फीडरचं नाव, स्वतःचं नाव. ‘काम झालं, माणसं उतरली, अर्थिंग काढलं. परमिट परत.’

(दृश्य: पडवीतला पिवळा बल्ब. म्हातारी हातातली कपबशी तशीच धरून वर पाहते.)